वारा तर होता की, मग उडला का नाहीत?

संध्याकाळी हँग ग्लायडर घेऊन सड्यावरून, म्हणजे कड्यावरच्या खडकाळ पठारावरून, परत आलो की काकूंचा प्रश्न ठरलेला असतो. "आज तरी उडलात?" आम्ही मान हलवतो. मग त्या अंगणातल्या माडांकडे बोट दाखवतात. झावळ्या सळसळत असतात, दोरीवरचे टॉवेल आडवे झालेले असतात. "मग? वारा तर होता की!"

या प्रश्नाचं उत्तर चहाचा कप संपेपर्यंत देता येत नाही, म्हणून इथे लिहितेय.

गेल्या हंगामात, म्हणजे ऑक्टोबर ते मे, आम्ही पाच जण हँग ग्लायडर घेऊन अकरा वेळा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कड्यावर गेलो. उडणं झालं तीन वेळा. उरलेले आठ दिवस पत्ते, कोकम सरबत आणि आकाशाकडे बघत बसणं. कड्याचं नाव मुद्दाम देत नाही. तिथे शिकवणारं कोणी नाही, आणि शिकल्याशिवाय करून बघावा असा हा खेळ नाही. मी स्वतः उडत नाही. आमच्यातले दोघं उडतात, एक जण खाली पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूवर थांबतो, आणि मी आणि माझा मावसभाऊ तार धरतो. तार धरणं म्हणजे काय, ते पुढे येईलच.

आधी ग्लायडरबद्दल थोडं. कामशेतला किंवा हिमाचलात बीर-बिलिंगला लोक उडताना दिसतात ते बहुधा पॅराग्लायडर. ते नुसतं कापड असतं, घडी करून पाठीवरच्या पिशवीत मावतं. हँग ग्लायडरला सांगाडा असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं शिडासारखं कापड, खाली त्रिकोणी दांडी. पंखांचा पसारा नऊ-दहा मीटर, वजन साधारण ३० किलो. उडणारा हार्नेसमध्ये पोटावर आडवा लटकतो आणि दांडी धरून स्वतःचं अंग डावी-उजवीकडे, पुढे-मागे सरकवतो. सुकाणू म्हणा, ब्रेक म्हणा, सगळं तेच. इंजिन नाही. गुंडाळल्यावरही त्याची पाच-सहा मीटर लांब वळकटी होते. जीपच्या टपावर बांधून नेताना चिपळूणच्या बाजारात लोक विचारतात, मांडवाचे बांबू का?

पंखाला वजन पेलायचं तर त्याच्यावरून हवा ठरावीक वेगाने वाहायला हवी. आमच्या ग्लायडरला माणसासकट ताशी निदान ३० किलोमीटर. हा वेग हवेच्या तुलनेत मोजायचा, जमिनीच्या नव्हे, आणि सगळी गंमत इथे आहे. समोरून ताशी २० चा वारा असेल तर धावणाऱ्याने फक्त १० चा वेग गाठला की पुरतं, म्हणजे बस पकडायला धावतो तेवढं. वारा अजिबात नसेल तर ३० किलोचं धूड खांद्यावर घेऊन ३० च्या वेगाने धावायचं. आणि वारा पाठीमागून १० चा असेल तर ४० च्या वेगाने, तेही कड्याच्या टोकाकडे. म्हणून पहिला नियम: वारा तोंडावर हवा.

ऑटो लिलिएंथालला हा नियम चांगला ठाऊक होता. या जर्मन माणसाने हँग ग्लायडरच्या पूर्वजांवरून सुमारे २,००० उड्डाणं केली. वारा कुठूनही आला तरी तोंड त्याच्याकडे करून उडी मारता यावी म्हणून १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ स्वतःसाठी एक शंकूसारखी टेकडी रचून घेतली, सुमारे १५ मीटर उंच. तरी १८९६ च्या ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका टेकडीवरून उडताना ग्लायडर हवेत अडखळलं, तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आमच्याकडे गोल टेकडी नाही. आमचा कडा एकाच दिशेला तोंड करून उभा आहे, पश्चिमेला, किंचित वायव्येकडे कललेला. तेव्हा वाऱ्यानेच आमच्याकडे यायचं, आणि आम्ही वाट बघायची.

नुसती उडी मारून खाली पोचायला फारसं काही लागत नाही. आमचा कडा ७० मीटरचा. स्थिर हवेत हे ग्लायडर एक मीटर उतरताना साधारण दहा मीटर पुढे जातं. म्हणजे ७०० मीटर, आणि वेळ जेमतेम एक मिनिट. मुंबईहून रात्रभर गाडी चालवून एक मिनिट! तासभर वर राहायचं असेल तर हवेनेच वर उचलायला हवं. समुद्रावरून सरळ येणारा वारा कड्याला आपटला की त्याला जायला वाट उरते ती वरच. कड्याच्या समोर आणि माथ्याच्या थोडं वर अशी वर चढणाऱ्या हवेची एक पट्टी तयार होते. ग्लायडर हवेतून सेकंदाला साधारण एक मीटर खाली येत असतं. ती हवा त्याहून जोरात वर जात असेल तर खाली येता येताच माणूस वर जातो. सरकत्या जिन्यावर उलटे उतरत राहिलात तर काय होतं, तसं. समुद्र गरुड हेच करतो. कड्यासमोर पंख न हलवता तो इकडून तिकडे फेऱ्या मारताना दिसला की आमचा बँकवाला मित्र म्हणतो, "चला, साहेब ड्युटीवर आले."

आता हा समोरून येणारा वारा येतो कुठून? शाळेच्या भूगोलात सगळ्यांनी पाठ केलंय: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. मार्क मिळाले, विषय संपला. मला तो खरा कळला सड्यावर अनवाणी उभी राहिले तेव्हा. मार्चमधली दुपारी बाराची वेळ, काळा जांभा, पाय टेकवत नाहीत. तिथून अर्ध्या किलोमीटरवर समुद्र, त्यात पाय घातले तर सुखद गार. दोघांवर ऊन तेच. फरक असा की पाणी तापवायला दगडमातीच्या चार-पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोलवर शिरतं आणि लाटा ते ढवळून टाकतात. दगडात ते वरच्या वितभरातच अडकतं. म्हणून आमच्याकडे समुद्राचं तापमान दिवसरात्रीत जेमतेम हलतं, आणि सडा सकाळी गार, दुपारी तवा.

"गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला गार हवा येते" हे पुस्तकातलं वाक्य चुकीचं नाही, पण त्यातली एक पायरी गाळलेली आहे. सड्यावरची हवा तापली की फुगते, तिचा खांब उंच होतो. वरच्या टोकाला ती हवा समुद्राकडे सांडते, उतू गेलेल्या दुधासारखी. जमिनीवरच्या खांबातली हवा कमी झाली म्हणजे खालचा दाब कमी झाला. समुद्रावर तितकाच वाढला. हा फरक मोजायला गेलं तर अगदी किरकोळ असतो, पण खालची हवा समुद्राकडून जमिनीकडे ढकलली जायला तेवढा पुरतो. हाच खारा वारा. यात आपल्या कामाचं काय? हे सगळं व्हायला वेळ लागतो. सूर्य उगवला आणि वारा सुरू, असं होत नाही. आधी रात्रीचा मतलई वारा थांबायला हवा. मग हवा पडते. नऊ ते अकराच्या मधली ती घामट, मुर्दाड वेळ किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला माहीत आहे. नंतर कधीतरी समुद्रावर दूर एक काळपट रेघ दिसते, पाण्याचा पोत बदललेली. ती रेघ पुढे सरकत किनाऱ्याला लागते आणि पहिली झुळूक कपाळाला लागते.

पण त्या झुळकीला उडायचं नसतं. पहिला तासभर वारा चाचपडत असतो. दोनच्या सुमारास जोर धरतो, चारपर्यंत भरात असतो, सूर्य कलला की ओसरतो. शिवाय तो दिशाही बदलतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आपल्या गोलार्धात वाहणारी हवा उजवीकडे वळत जाते. दुपारी नेमका पश्चिमेकडून येणारा वारा चारपर्यंत वायव्येकडून यायला लागतो. आमचा कडा वायव्येकडे थोडा कललेला आहे ही आमची पुण्याई. पलीकडच्या गावातला कडा दिसायला जास्त देखणा, पण त्याचं तोंड नैर्ऋत्येला. तिथे उतरत्या दुपारचा वारा आडवा घासून जातो, वर चढतच नाही.

महिन्यांचं गणितही यातूनच निघतं. जून ते सप्टेंबर नावच काढायचं नाही. मासेमारीच्या यांत्रिक होड्यासुद्धा १ जून ते ३१ जुलै बंदीत असतात. ऑक्टोबरात ऊन कडक, पण दुपारी सह्याद्रीवर गडगडाटी ढग उभे राहतात. त्यातून पावसाबरोबर थंड हवा धाडकन खाली पडते आणि जमिनीवर चहूकडे पसरते, ढगापासून कित्येक किलोमीटर लांबही, उलट्या दिशेने. पूर्वेला काळं दिसलं की आम्ही टपावरची दोरीसुद्धा सोडत नाही. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत थंडीची लाट आली की पूर्वेकडचा वारा दिवसभर हटत नाही आणि खारा वारा तीनपर्यंत दारात ताटकळतो. एप्रिल-मे मध्ये जमीन इतकी तापते की दोनलाच वारा हाताबाहेर. राहिले फेब्रुवारी-मार्च. आमची तिन्ही उड्डाणं त्यातलीच.

काकूंचे माड आणि टॉवेल मात्र यातलं काहीच सांगत नाहीत. त्यांचं घर कड्याच्या मागे आहे, आणि कड्यामागची हवा ही वेगळीच भानगड आहे. पावसाळ्यात वहाळात मोठा धोंडा असला तर त्याच्या पुढे पाणी नीट चढून येतं आणि मागे भोवरा करतं. भोवऱ्यात पडलेलं पान कधी उलटं वर सरकतं, कधी गपकन खाली ओढलं जातं. हवाही तशीच. उडणारे याला रोटर म्हणतात. सरळ तुटलेल्या कड्याच्या माथ्यावर तर तो टोकापासून काही पावलांतच सुरू होतो. आम्ही काठ्यांना लाल फिती बांधून सड्यावर रोवतो. टोकावरची फीत आकाशाकडे ताठ, आणि पंधरा पावलं मागची फीत चक्क समुद्राकडे फडफडतेय, असं मी स्वतः पाहिलंय. त्या दोन फितींच्या मधे दहा मीटरचा पंख उघडून उभं राहायचं म्हणजे एक टोक उचललं जातंय आणि दुसरं दाबलं जातंय. आणि सकाळी मतलई वारा असतो तेव्हा अख्खा कडाच धोंडा होतो आणि भोवरा नेमका कड्यासमोर, जिथे उडायचं तिथे. सकाळच्या गार शांत वेळेत का उडत नाही, असं पाहुणे विचारतात. हे त्याचं उत्तर.

आता जोराची गोष्ट. वारा दीडपट झाला की त्याचा रेटा सव्वादोनपट होतो, दुप्पट झाला की चौपट. पंखाचं क्षेत्रफळ १५ चौरस मीटर धरून अंदाजे हिशेब केला तर ताशी २० च्या वाऱ्यात ग्लायडर स्वतःचं वजन स्वतःच पेलतं, खांद्यावर भार जाणवत नाही. ४० ला तोच पंख माणसासकट उचलतो, तुम्ही एक पाऊलही न टाकता. कागदावर २० आणि ४० मधे फक्त एक आकडा आहे. आमची रेघ आम्ही २८ ला मारली आहे, आणि झोत ३२ च्या वर गेला की त्या दिवशी संपलं. वाऱ्याच्या मापकावर २४ दिसतंय आणि मधेच ३५ चा झोत येतोय, तर तो दिवस २४ चा नाही, ३५ चा.

समुद्राकडे बघूनही बराच अंदाज येतो. फ्रान्सिस ब्यूफर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याची प्रतवारी केली. ती आजही त्याच्या नावाने चालते. लाटांवर अधूनमधून पांढरा फेस दिसायला लागला तर तिसरी-चौथी पायरी, म्हणजे आमच्या कामाचा वारा. नजर जाईल तिथे फेसच फेस दिसला की पाचवी, म्हणजे पत्ते काढा.

तर तार. कड्याच्या टोकावर वारा इतका उभा असतो की उडणाऱ्याला एकट्याने पंख समतोल धरता येत नाही. म्हणून पंखाच्या दोन्ही बाजूंच्या आधारतारा आम्ही दोघं धरून बसतो, कमरेला दोर, दोर मागे खिळ्याला. पंख वर खेचत असेल तर मी "वर" म्हणायचं, खाली दाबत असेल तर "खाली", आणि हाताला काहीच ओढ नसेल तर "सम". पलीकडून मावसभाऊही तेच ओरडत असतो. "सम" हा शब्द तबल्याच्या क्लासला जाणाऱ्या मित्राने आणला. इंग्रजीतले लोक दुसरं काही म्हणतात, पण "सम" वाऱ्यातही नीट ऐकू येतो. दोन्हीकडून सम, सम, सम येत राहिलं, समोरची फीत सरळ असली, की उडणारा एकच शब्द ओरडतो: "क्लिअर!" आम्ही तार टाकून जमिनीला चिकटतो. तो दोन पावलं टाकतो आणि नसतो.

सुरुवातीला आम्ही "सोड" म्हणत होतो. एकदा मित्र "सोडू नको" म्हणाला आणि वाऱ्यात मला पहिला निम्माच शब्द ऐकू आला. मावसभावाने धरून ठेवलं म्हणून निभावलं, पण पंखाचं टोक जांभ्यावर घासलंच. त्या दिवसापासून तार सोडण्यासाठीचा मराठी शब्द बाद.

तार धरताना जे कळतं ते मापकावर कळत नाही. सम येते, चार सेकंद टिकते, जाते. पुन्हा येते. मिनिटाला एकदा सम येणारा वारा आणि अर्धा मिनिट सलग सम ठेवणारा वारा आकड्यात एकसारखेच दिसतात. पहिल्या प्रकारच्या वाऱ्यात आम्ही आठातले तीन दिवस पंख पुन्हा गुंडाळला. हार्नेस बांधून टोकापर्यंत गेलेल्या माणसाला परत आणणं हे सगळ्यात अवघड काम. तो काही बोलत नाही, पण हेल्मेट काढताना चेहरा बघवत नाही.

एवढं सगळं जुळलं तरी उतरायचं कुठे? खाली पुळण आहे, भरतीला मात्र ती नसते. पाणी कड्याच्या पायाशी. लाटांत उतरणं हे या खेळातलं फार वाईट उतरणं: वर भिजलेला पंख, अंगाला हार्नेसच्या दोऱ्या, आणि लाट ओढतेय. म्हणजे दुपारचा खारा वारा आणि दुपारची ओहोटी एका दिवशी यायला हवी. पहिल्या वर्षी मोबाइलवर तक्ते बघत बसायचो. मग काकूंनी त्यांच्या माहेरचा ठोकताळा सांगितला: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. आमच्या अगदी मुळावर. संकष्टीला आम्ही जात नाही त्याचं कारण उपास नव्हे. त्रयोदशीला पावणेदहाला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे चारला पुळण ऐसपैस. द्वादशी ते चतुर्दशी हे आमचे दिवस, शुद्ध काय, वद्य काय. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, बंदरागणिक बदलतो, पण पंधरवडा ठरवायला पुरे.

हवामानाचे अंदाज आम्ही बघतोच. हवामान खात्याचा बघतो, मच्छीमारांसाठी हैदराबादची इन्कॉइस संस्था देते तोही बघतो, आणि मोबाइलवरचे रंगीबेरंगी नकाशेही. त्या नकाशांमागचं चांगल्यातलं चांगलं जागतिक प्रारूपसुद्धा पृथ्वीचे सुमारे नऊ किलोमीटरचे चौकोन करून हिशेब करतं. आमचा चौकोन अर्धा समुद्रात, अर्धा जमिनीवर. त्यात ७० मीटरचा कडा असल्याची त्याला गंधवार्ताही नाही. उद्या पूर्वेचा वारा हटेल का, ढग येतील का, हे अंदाज छान सांगतात. दोन वाजून चाळीस मिनिटांनी सम टिकेल का, हे विचारायला खालच्या जेटीवरचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, बरा. तो सकाळी मतलईचा जोर बघून सांगतो, "आज उशिरा येल," आणि बहुतेक वेळा तो उशिराच येतो.

परवाचा शनिवार तसा होता. त्रयोदशी, स्वच्छ ऊन, पूर्वेला एकही ढग नाही. एकला पंख उभारून झाला. वारा अडीचला आला, दिशा बरोबर, फिती सरळ. तीनला २२. हार्नेस चढवला, बांधणी तपासली, मी दोर कमरेला लावला. तीन वीसला २७. पुळणीवरच्या मित्राने वॉकीटॉकीवर सांगितलं की लांब पाण्यावर फेस दाट होतोय. साडेतीनला झोत ३८. कोणी कोणाला काही विचारलं नाही. नळ्या सुट्या करायला घेतल्या.

काकूंनी चहा ठेवला आणि विचारलं. आम्ही सांगितलं: वारा होता, जास्त होता. त्या टॉवेलांकडे बघून काही बोलल्या नाहीत. आत गेल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरशी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"पुढच्याच्या पुढच्या शनिवारी द्वादशी आहे. नऊला भरती, म्हणजे तीन-सव्वातीनला पाणी पार बाहेर. जेवायला बारालाच या, मग उगीच घाई नको."